लॅपटॉपवर बरोबर, शेजारच्या मॉनिटरवर चुकीचं: फोटोवरचे कोऑर्डिनेट्स का हलतात आणि पक्के कसे करायचे

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सी शार्पमधलं विनफॉर्म्सचं अ‍ॅप आहे, पिक्चरबॉक्समध्ये मशीनच्या पार्टचा फोटो दिसतो, साइझमोड झूम आहे. युजर फोटोवर क्लिक करतो, खाली लेबलमध्ये एक्स-वाय दिसतात, त्या जागी लाल गोल येतो आणि आकडे फाइलमध्ये सेव्ह होतात. लॅपटॉपच्या स्क्रीनला विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ते सेटिंग) १५० टक्के आहे आणि शेजारच्या मॉनिटरला १००. विंडो मॉनिटरवर ओढली की फॉर्म आणि पिक्चरबॉक्स लहान होतात, आणि लॅपटॉपवर सेव्ह केलेले पॉइंट मॉनिटरवर उघडले की गोल पार्टच्या भोकांपासून लांब पडतात. १.५ ने भागून बघितलं, जमल्यासारखं वाटलं, मग विंडो मॅक्सिमाइझ केली तर परत सगळं बिघडलं.

सगळ्यात आधी तो १.५ कोडमधून काढून टाका, नुसता कमेंट करून ठेवू नका, पूर्ण काढा. कारण तो राहिला तर पुढे जे काही नीट कराल ते तो परत बिघडवणार आणि तुम्हाला वाटणार की नवीन कोडच चुकतोय.

मी बरीच वर्षं याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय, कॅमेऱ्याने पार्टचा फोटो घ्यायचा आणि त्यावर मापं काढायची. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात असले सेटअप ठिकठिकाणी आहेत, आणि तिथे मशीनजवळ जुना मॉनिटर आणि क्वालिटीवाल्यांच्या टेबलावर नवा लॅपटॉप हे चित्र अगदी नेहमीचं. त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सारखी येते आणि जवळजवळ दर वेळी मूळ एकच निघतं: सेव्ह होणारा आकडा हा फोटोचा कोऑर्डिनेट नसतोच, तो पिक्चरबॉक्सचा असतो. माउस इव्हेंटमधला ई डॉट एक्स तुम्हाला सांगतो की कंट्रोलच्या डाव्या कडेपासून कर्सर किती पिक्सेल आत आहे. फोटोबद्दल तो काहीही सांगत नाही. एकाच स्क्रीनवर, एकाच साइझच्या विंडोत काम चाललंय तोपर्यंत दोन्हीतला फरक कुणाला दिसत नाही, आणि दुसरा मॉनिटर जोडला की सगळं उघडं पडतं.

आकडे घेऊन बघू, कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. समजा फोटो ४००० बाय ३००० चा आहे आणि लॅपटॉपवर पिक्चरबॉक्सचा आतला भाग १२०० बाय ७५० भरतो. झूम मोडमध्ये फोटो त्याच्या प्रमाणात बसवला जातो, म्हणजे १२०० भागिले ४००० करून ०.३ आणि ७५० भागिले ३००० करून ०.२५, यातलं लहान घ्यायचं, ०.२५. मग फोटो दिसतो १००० बाय ७५० आणि डावी-उजवीकडे १००-१०० पिक्सेलची रिकामी पट्टी राहते. आता फोटोत ३२००, ६०० ला एक भोक आहे. ते लॅपटॉपवर कुठे दिसणार? ३२०० गुणिले ०.२५ म्हणजे ८००, त्यात पट्टीचे १००, झाले ९००, आणि वाय १५०. तुमचं लेबल दाखवतंय ९००, १५०. आता विंडो १०० टक्केवाल्या मॉनिटरवर ओढली, फॉर्म लहान झाला, पिक्चरबॉक्स ८०० बाय ५०० झाला. स्केल झालं ०.१६६७, पट्टी ६६.६७, आणि तेच भोक दिसतंय ६००, १०० ला. ९०० भागिले ६०० म्हणजे बरोबर १.५! म्हणूनच तुम्हाला वाटलं की भागाकाराने सुटलं.

आता मॅक्सिमाइझ करा. समजा दोन्ही स्क्रीन १९२० बाय १०८० च्या आहेत, तर पिक्चरबॉक्सची रुंदी दोन्हीकडे १९२० च राहणार. पण लॅपटॉपवर टूलबार, टायटलबार, टास्कबार सगळं दीडपट जाड, त्यामुळे उंची तिथे समजा ८६० उरली आणि मॉनिटरवर ९३०. स्केल ०.२८७ आणि ०.३१. म्हणजे दोन्हीतलं गुणोत्तर झालं साधारण १.०८, आणि तेही उलट्या बाजूला, मॉनिटरवरच फोटो मोठा दिसतोय. शिवाय डावी पट्टी एकीकडे ३८७ आणि दुसरीकडे ३४०, त्यामुळे कुठल्याही एका आकड्याने गुणून किंवा भागून हे जुळणं शक्यच नाही. स्केलिंगची टक्केवारी आणि फोटोचं स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या कधीकधी योगायोगाने जुळतात एवढंच.

म्हणून नियम असा ठेवा की मेमरीत, फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये, लेबलवर, सगळीकडे फक्त मूळ फोटोचे पिक्सेल. क्लिक आला की पहिल्याच ओळीत तो फोटोच्या पिक्सेलमध्ये बदलायचा, आणि गोल काढायचा असेल तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी परत कंट्रोलच्या पिक्सेलमध्ये न्यायचा. क्लिककडून फोटोकडे जाताना: ई डॉट एक्स मधून डावी पट्टी वजा करा आणि स्केलने भागा. परत येताना: स्केलने गुणा आणि पट्टी मिळवा. वरचंच उदाहरण घ्या, ९०० वजा १०० बरोबर ८००, भागिले ०.२५ बरोबर ३२००. मॉनिटरवर ६०० वजा ६६.६७, भागिले ०.१६६७, परत ३२००. दोन्हीकडे एकच आकडा आला, आणि यात डीपीआय (इंचाला किती पिक्सेल तो आकडा, विंडोजचं स्केलिंग त्यातच मोजतात) कुठेच आला नाही हे नीट बघा.

हे लिहिताना स्केल आणि पट्टी काढणारं फंक्शन एकच ठेवा. जाताना एक फॉर्म्युला आणि येताना दुसऱ्या फाइलमध्ये कुणीतरी लिहिलेला दुसरा, असं असेल तर आज नाही उद्या दोन्ही वेगळे होणार. मी तर सरळ ड्रॉइंग टूडी मधला मॅट्रिक्स क्लास वापरतो, फोटोकडून कंट्रोलकडे जाणारं मॅट्रिक्स एकदा बनवायचं आणि क्लिकसाठी त्याचंच इन्व्हर्ट करून ट्रान्सफॉर्मपॉइंट्स, म्हणजे दोन दिशा वेगळ्या होण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे झूम-पॅन द्यायचं झालं तरी फक्त मॅट्रिक्स बदलतं. आणि हे मॅट्रिक्स फॉर्म लोडमध्ये बनवून व्हेरिएबलमध्ये ठेवून देऊ नका, दर पेंटला आणि दर क्लिकला क्लायंटसाइझवरून नव्याने काढा, चार भागाकार आहेत, त्यांना वेळ लागत नाही. विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाताना साइझ बदलणं, लेआउट होणं, डीपीआय बदलल्याचा इव्हेंट येणं हे सगळं एकामागोमाग होतं आणि त्यात जुनी व्हॅल्यू कुठेतरी अडकून राहते, मग युजर सांगतो की 'कधी कधी चुकतं', आणि अशी कधी कधी येणारी चूक शोधण्यात आठवडा जातो.

क्लायंटसाइझ म्हणालो ते मुद्दाम. कंट्रोलच्या विड्थ-हाइटमध्ये बॉर्डरपण मोजली जाते आणि फोटो बसतो बॉर्डरच्या आत. अजून एक, पिक्चरबॉक्स झूममध्ये दाखवताना रुंदी-उंची आणि पट्टी पूर्णांकात कापतो, तुम्ही दशांशात काढलंत तर कुठे कुठे एक पिक्सेलचा फरक दिसेल. मापाचं काम असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पिक्चरबॉक्स सोडाच, स्वतःचं छोटं कंट्रोल लिहा, डबलबफर्ड आणि रिसाइझरिड्रॉ दोन्ही चालू करा आणि ऑनपेंटमध्ये फोटो स्वतः काढा. मग फोटो काढणारं आणि क्लिक मोजणारं गणित अक्षरशः एकच होतं.

ऑनपेंटमध्ये ड्रॉइमेज वापरताना मात्र सांभाळा. ड्रॉइमेजला फोटो आणि फक्त एक्स-वाय दिलं तर तो फोटो पिक्सेलला पिक्सेल काढत नाही, फाइलमध्ये लिहिलेल्या डीपीआयवरून कागदावरची साइझ धरतो आणि त्या साइझमध्ये काढतो. ४००० पिक्सेलच्या फोटोवर ३०० डीपीआयचा शिक्का असेल तर ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर तो १२८० पिक्सेल रुंद येणार आणि १४४ वर १९२०. ड्रॉइमेजअनस्केल्ड हे नाव बघून लोक निश्चिंत होतात पण तेही आतून हेच करतं. म्हणून कायम डेस्टिनेशन रेक्टँगल देणारा ओव्हरलोड वापरा, रुंदी-उंची तुम्ही सांगा, त्याला ठरवू देऊ नका. स्कॅनरवरून आलेल्या आणि कॅमेऱ्यावरून आलेल्या फोटोंमध्ये फरक पडतोय अशी तक्रार असेल तर ही जागा पहिल्यांदा तपासा. डब्ल्यूपीएफ (डॉटनेटमधलं विनफॉर्म्सनंतरचं यूआय फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनीसुद्धा हे लक्षात ठेवावं, तिथे बिटमॅपसोर्सची विड्थ ही पिक्सेल नसते, एका इंचाच्या ९६ व्या भागात असते, त्याच ३०० डीपीआयच्या ४००० पिक्सेल फोटोची विड्थ तिथे १२८० येते. पिक्सेल हवे असतील तर पिक्सेलविड्थच घ्या.

आता विंडोजच्या बाजूला काय चालतं ते. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय, १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४, २०० म्हणजे १९२. तुमच्या अ‍ॅपने विंडोजला सांगायचं असतं की मला हे कळतं की नाही, आणि त्याचे प्रकार आहेत. अ‍ॅपने काहीच सांगितलं नाही (म्हणजे अनअवेअर) तर विंडोज त्याला कायम ९६ च सांगतं, खिडकीचं चित्र स्वतः ताणून मोठं करतं, म्हणून अक्षरं धूसर दिसतात. सिस्टिम अवेअर असेल तर अ‍ॅप सुरू होताना मिळालेला मुख्य मॉनिटरचा डीपीआय शेवटपर्यंत धरून चालतं, दुसऱ्या मॉनिटरवर नेलं की चित्र ताणलं किंवा आवळलं जातं. पर मॉनिटर, म्हणजे विंडो ज्या मॉनिटरवर असेल त्याचा डीपीआय धरणारा प्रकार, विंडोज ८.१ मध्ये आला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती, पर मॉनिटर व्ही२, विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटमध्ये, आणि आज नवीन काही लिहीत असाल तर हाच घ्या.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अनअवेअर किंवा सिस्टिम अवेअर अ‍ॅपमध्ये विंडोज फक्त चित्र ताणत नाही, माउसचे कोऑर्डिनेट्सही त्याच हिशोबाने बदलून देतं. म्हणजे अ‍ॅपच्या आत सगळं आपसात जुळतं. बिघडतं ते बाहेरून आलेला आकडा यात मिसळला की. लो लेव्हल माउस हुकमधून आलेला पॉइंट खरा, न बदललेला असतो. वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने दिलेला विंडोचा रेक्टँगल त्याच्या हिशोबातला असतो, दुसऱ्या प्रोग्रामने घेतलेला स्क्रीनशॉट बहुतेक खऱ्या पिक्सेलमध्ये असतो. असे दोन जगातले आकडे एका वजाबाकीत आले की उत्तर चुकणारच. तुमच्याकडे विंडो ओढल्यावर फॉर्मची आणि पिक्चरबॉक्सची साइझ खरोखर बदलतेय, यावरून तुमचं अ‍ॅप बहुतेक पर मॉनिटरच आहे. तरी अंदाजावर राहू नका, टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समध्ये कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून डीपीआय अवेअरनेस चालू करा, तुमच्या प्रोसेससमोर काय लिहिलंय ते दिसेल. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये हे आहे.

सेट कुठे करायचं? डॉटनेट ६ किंवा पुढचं असेल तर प्रोजेक्ट फाइलमध्ये अ‍ॅप्लिकेशनहायडीपीआयमोडला परमॉनिटरव्ही२ लिहा, काही न लिहिता सोडलं तर सिस्टिमअवेअर मिळतं. कोडमधून करायचं तर सेटहायडीपीआयमोड, पण कुठलीही विंडो तयार व्हायच्या आधी, नंतर केलं तर उपयोग नाही. जुनं डॉटनेट फ्रेमवर्क असेल तर किमान ४.७ हवं, मॅनिफेस्टमध्ये विंडोज १० सपोर्टेड आहे असं लिहायचं आणि अवेअरनेस मात्र अ‍ॅप कॉन्फिगमध्ये. मॅनिफेस्टमध्ये पूर्वी कुणी डीपीआयअवेअरची ओळ टाकलेली असेल तर ती काढा, नाहीतर ती अ‍ॅप कॉन्फिगवर मात करते आणि तुम्ही कॉन्फिग बदलत बसता. एक लक्षण वेगळं सांगून ठेवतो: एखादा डायलॉग उघडल्याबरोबर अख्खं अ‍ॅप अचानक बारीक झालं तर समजा की त्या डायलॉगने डब्ल्यूपीएफ किंवा दुसरी एखादी डीएलएल लोड केली आणि तिने चालू प्रोसेसचा अवेअरनेस बदलला. उपाय हाच, तुम्ही आधीच स्पष्टपणे सांगून ठेवा म्हणजे नंतर कुणाला बदलता येत नाही.

एक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीच्या आत हाय डीपीआय ओव्हरराइडचा पर्याय असतो, तो ज्याचा सोर्स तुमच्याकडे नाही अशा अ‍ॅपसाठी ठीक आहे. स्वतःच्या अ‍ॅपसाठी ते सेटिंग प्रत्येक मशीनवर जाऊन करायला सांगणं मला पटत नाही, एक पीसी बदलला की कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मापं चुकायला लागतात. 'सगळ्यांनी स्केलिंग १०० वरच ठेवा' हे तर अजिबात सांगू नका. चौदा इंची फुल एचडी स्क्रीनवर १०० टक्क्यात दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं काय होतं ते तिथे बसून बघा एकदा.

मग डीपीआयचा आकडा वापरायचाच नाही का? वापरायचा, पण फक्त दिसण्यासाठी. गोलाची त्रिज्या, रेघेची जाडी, लेबलचा फॉन्ट, आणि पॉइंट पकडण्यासाठी किती जवळ क्लिक केलं तर चालेल ते अंतर. १०० टक्क्यांवर गोल ६ पिक्सेलचा असेल तर १५० वर ९ चा हवा, त्यासाठी कंट्रोलचा डिव्हाइसडीपीआय भागिले ९६ हे गुणक घ्या. कोऑर्डिनेटच्या गणितात डिव्हाइसडीपीआय दिसला की कोड रिव्ह्यूमध्ये तिथेच थांबायचं, असं मी आमच्या टीमला सांगून ठेवलंय. आणि ग्राफिक्सवर थेट स्केलट्रान्सफॉर्म लावून गोल काढू नका, पेनची जाडीपण त्यात आवळली जाते आणि ०.१६ स्केलला रेघ फार बारीक होते. आधी केंद्राचा पॉइंट बदला, मग साध्या पिक्सेलमध्ये गोल काढा.

आता चूक शोधायची पद्धत, कारण तुमच्या कोडमध्ये एकाहून जास्त गोष्टी असू शकतात. पार्टच्या फोटोवर टेस्ट करू नका, भोकाचं केंद्र नेमकं कुठे हेच कुणाला माहीत नसतं. १००० बाय १००० चा एक फोटो बनवा, चारही कोपऱ्यांतले पिक्सेल वेगळ्या रंगाचे, दर १०० पिक्सेलवर रेघ, मध्ये अधिकचं चिन्ह. असा फोटो पेंटमध्येही बनतो. मग त्यावर ठरावीक जागी क्लिक करा आणि चूक किती आणि कुठल्या दिशेला ते लिहून काढा. चूक सगळीकडे सारखीच असेल, समजा कायम ६७ पिक्सेल उजवीकडे, तर पट्टीचं गणित राहिलंय किंवा कंट्रोलऐवजी फॉर्मचे कोऑर्डिनेट्स घेताय. डाव्या वरच्या कोपऱ्यात बरोबर आणि खाली उजवीकडे जाल तशी चूक वाढत जात असेल तर स्केल चुकतंय, आणि किती पटीत वाढतेय ते काढलं की तोच आकडा गुन्हेगार दाखवतो, १.५ निघाला तर स्केलिंगची टक्केवारी कुठेतरी घुसलीय, ३.१२५ निघाला तर ३०० भागिले ९६, म्हणजे फोटोचा डीपीआय. एक्समध्ये चूक आणि वाय बरोबर असेल तर पट्टी. फोटोच्या मध्यावर बरोबर आणि कडेला चूक, म्हणजे पट्टी वजा केलीय पण स्केल लहानाऐवजी मोठं घेतलंय किंवा एक्स आणि वाय ला वेगवेगळं. हे एवढं लिहून काढलं की बहुतेक वेळा डीबगर उघडावाच लागत नाही.

सोबत लॉगमध्ये दर क्लिकला क्लायंटसाइझ, फोटोची रुंदी-उंची, फोटोचं हॉरिझॉन्टलरेझोल्यूशन, डिव्हाइसडीपीआय आणि ई डॉट एक्स-वाय लिहा. युजरकडे चुकलं आणि तुमच्याकडे चुकत नसेल तर ही एक ओळ सगळं सांगते.

टेस्ट करताना विंडो ओढून नेणं, दुसऱ्या मॉनिटरवरच सुरू करणं, चालू असताना स्केलिंग बदलणं, आणि रिमोट डेस्कटॉपवरून उघडणं हे चारही करून बघा. विंडो दोन मॉनिटरच्या मध्ये अर्धी-अर्धी असताना तिला एकच डीपीआय असतो, बहुतेक भाग पलीकडे गेला की मगच बदलतो, त्यामुळे त्या क्षणी गोल मोठा-लहान दिसला तर ती चूक नाही. दुसरा मॉनिटर मुख्य मॉनिटरच्या डावीकडे लावून बघाच, कारण तेव्हा स्क्रीनचे एक्स कोऑर्डिनेट्स उणे होतात. मेसेजच्या एलपॅराममधून लोवर्ड-हायवर्डने आकडे काढणारा जुना कोड इथे फसतो, उणे १०० चं ६५४३६ होतं. कंट्रोलचा माउस इव्हेंट वापरला तर हा त्रास नाही, आणि कर्सर डॉट पोझिशन वापरायचंच असेल तर त्याच कंट्रोलच्या पॉइंटटूक्लायंटमधून न्या.

एवढं सगळं करूनही दोन मॉनिटरवर एकाच भोकावर क्लिक केलं तर ३२०० आणि ३२०३ येईल, तेव्हा घाबरू नका. ०.१६६७ स्केलला स्क्रीनचा एक पिक्सेल फोटोचे ६ पिक्सेल झाकतो, तुमचा कर्सर त्याच्यापेक्षा बारीक दाखवूच शकत नाही. हे काही कोडने सुटणार नाही, ज्याला मापं घ्यायचीत त्याला झूम द्यायलाच हवा, फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनवर निदान एक पिक्सेल दिसेपर्यंत. माझ्या मते मापाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक झूमखाली क्लिक घेऊच नये, 'आधी झूम करा' असं सांगावं. युजर थोडे कुरकुरतात पण चुकीच्या मापाने चांगला पार्ट रिजेक्ट होण्यापेक्षा ते परवडतं. आणि झूम करून बघितल्यावर अर्ध्या पिक्सेलचा फरक दिसला तर इंटरपोलेशन निअरेस्टनेबर ठेवून पिक्सेलऑफसेटमोड हाफ करा, डीफॉल्टला जीडीआय प्लस (विनफॉर्म्स ज्यातून चित्र काढतं ती विंडोजची लायब्ररी) फोटो अर्धा पिक्सेल सरकवून काढतं. सेव्ह करताना दशांशासकट करा, आणि कुठला पिक्सेल हवा असेल तर राउंड नाही, फ्लोअर. ९९९.७ हा पॉइंट ९९९ व्या पिक्सेलच्या आत आहे, राउंड केलं तर १००० येतो आणि १००० बाय १००० च्या फोटोत तो पिक्सेलच नाही.

मोबाइलवरून काढलेले फोटो येत असतील तर अजून एक गोष्ट बघा, जिचा स्केलिंगशी काही संबंध नाही पण दोष त्यालाच दिला जातो. फोन आडवा-उभा कसा धरला ते एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीत, लिहिलेलं असतं, पिक्सेल फिरवलेले नसतात. डॉटनेटचं इमेज डॉट फ्रॉमफाइल ते बघत नाही आणि फोटो आडवा दाखवतं, ओपनसीव्हीचं इमरीड मात्र डीफॉल्टला फिरवून देतं, आणि पायथनचं पिलो परत फिरवत नाही, तिथे एक्झिफट्रान्सपोज स्वतः करावं लागतं. मार्किंग एका टूलमध्ये आणि पुढचं काम दुसऱ्यात असेल तर एक्स-वाय ची अदलाबदल होऊन सगळे पॉइंट भलतीकडे जातात. फोटो आत घेतानाच एकदा सरळ करून परत सेव्ह करा आणि पुढे सगळीकडे तीच फाइल वापरा.

हेच काम ब्राउझरमध्ये करणाऱ्यांसाठी: डिव्हाइसपिक्सेलरेशोने गुणायचा मोह होतो, गुणू नका, युजरने पेज झूम केलं तरी तो बदलतो. गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट घ्या, त्याची डावी कड वजा करा, रेक्टच्या रुंदीने भागा आणि फोटोच्या नॅचरलविड्थने गुणा. ऑब्जेक्टफिट कंटेन असेल तर इथेही वरचंच पट्टीचं गणित लागतं. क्यूटी वापरत असाल तर क्यूग्राफिक्सव्ह्यू आणि मॅपटूसीन वापरा, पण क्यूटी ५ वरून ६ वर जाताना लक्ष ठेवा, ५ मध्ये हाय डीपीआय स्केलिंग चालू केलं तर १५० टक्क्यांचं २ पट व्हायचं, ६ मध्ये ते १.५ च राहतं. पायथनमध्ये स्क्रीनशॉटमधून जागा शोधून क्लिक करणारे स्क्रिप्ट असतील तर पहिल्या ओळीत विंडोजच्या एसएचकोर डीएलएलमधलं सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस २ देऊन बोलवा. मॅकच्या रेटिना स्क्रीनवर स्क्रीनशॉट पॉइंट्सच्या दुप्पट मोठा येतो, तिथे स्क्रीनशॉटची रुंदी भागिले स्क्रीनची रुंदी असं गुणोत्तर प्रत्यक्ष काढा.

राहिला आधी सेव्ह झालेला डेटा, तो टाकून देऊ नका, बराचसा वाचतो. फॉर्म मॅक्सिमाइझ न करता सेव्ह केलेल्या फाइल असतील तर पिक्चरबॉक्स एकतर १२०० बाय ७५० होता किंवा ८०० बाय ५०० (माझ्या उदाहरणातले आकडे आहेत, तुमचे खरे लॉगवरून घ्या). फाइलमधला एक जरी पॉइंट एक्स ७३३ च्या पुढे किंवा वाय ५०० च्या पुढे असेल तर ती फाइल लॅपटॉपवरची, कारण मॉनिटरवर फोटो तिथे संपतो. एक जरी पॉइंट एक्स ६७ ते १०० मध्ये असेल तर ती मॉनिटरवरची, लॅपटॉपवर तिथे रिकामी पट्टी आहे. ज्या फाइल दोन्हीत बसतात त्यांच्यासाठी छोटी स्क्रीन बनवा, फोटोवर एका रंगात लॅपटॉप धरून आणि दुसऱ्या रंगात मॉनिटर धरून पॉइंट दाखवा, ऑपरेटर बघताक्षणी सांगेल की भोकांवर कुठले बसले. मॅक्सिमाइझ करून सेव्ह केलेल्या फाइलनाही हीच स्क्रीन चालेल, फक्त तिथे तिसरी-चौथी साइझ पर्याय म्हणून द्या. ज्यात कुठलाच रंग भोकांवर बसत नाही त्या फाइल नव्याने मार्क कराव्या लागतील. बदललेले पॉइंट नवीन फॉरमॅटमध्ये लिहा, त्यात वर आवृत्तीचा आकडा आणि मूळ फोटोची रुंदी-उंची टाका, आणि फाइल उघडताना ती रुंदी-उंची समोरच्या फोटोशी जुळत नसेल तर पॉइंट दाखवूच नका, तसा मेसेज द्या. जुनी फाइल चुकून नव्या अ‍ॅपमध्ये उघडली तर तिथेच अडेल. हे केल्यावरही कुठे अडलं तर त्या रेघांच्या टेस्ट फोटोवरचे चार कोपऱ्यांचे आकडे दोन्ही मॉनिटरवरून घेऊन टाका, त्यावरून सांगता येईल.